केसरची नोंद

मच्छीमार सोसायटीचं कार्यालय बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर होतं. दुपारी तीनच्या सुमारास अनुया तिथं पोचली, तेव्हा भरती नुकतीच लागली होती आणि सुकटीचा वास जिन्यापर्यंत चढला होता.

काम तसं साधं होतं. बंदरातून निघालेली प्रत्येक होडी कुठं आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम दर चार-पाच दिवसांनी गोठायचा. मग समुद्रावरच्या होड्या पडद्यावरून नाहीशा व्हायच्या. सोसायटी तो काढूनच टाकायला निघाली होती. बेलापूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेल्या अनुयानं रजा टाकली आणि गावी आली, कारण तो प्रोग्रॅम तिच्या धाकट्या भावानं, ऋत्विकनं लिहिला होता.

दोन वर्षांपूर्वी होडीची जागा कळवणाऱ्या यंत्राची चाचणी घ्यायला ऋत्विक 'केसर'वर गेला आणि वादळात होडी उलटली. दोघे खलाशी पिंपाला धरून वाचले. ऋत्विक सापडलाच नाही. आई अजूनही रोज भरतीच्या वेळी वाडीमागच्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची.

कार्यालय सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या दत्तात्रेय तांडेलांनी तिला खुर्ची पुसून दिली. अनुया ऋत्विकच्या ओळी वाचू लागली. जिथं त्याला खात्री नव्हती तिथं त्यानं स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं, 'अनूताईला विचार.' असं सात ठिकाणी होतं. विचारायचं राहूनच गेलं होतं.

डोळे पुसून तिनं तपासणीचं टूल चालू केलं.

"ह्ये काय करतं?" दत्तात्रेयांनी विचारलं.

"काका, होडी निघाली की प्रोग्रॅम तिच्यासाठी मेमरीत थोडी जागा घेतो. होडी परतली की ती जागा मोकळी करायची असते. कुठली राहिली, ते हे टूल शोधून देतं."

बाहेरून नवं काही येऊ नये म्हणून तिनं इंटरनेटची वायर काढली आणि कालच्या नोंदी प्रोग्रॅमला दिल्या. काल एकवीस होड्या गेल्या होत्या, एकवीस परतल्या होत्या. टूलखाली प्रोग्रॅम रेंगाळत चालला. खालून बर्फ फोडल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग निकाल आला. जागा घेतल्या बावीस. मोकळ्या झाल्या एकवीस.

तिनं बाविसावी उघडून पाहिली. नाव केसर. माणसं एक. दर मिनिटाला त्या नोंदीत नवी भर पडत होती. तीच फुगत फुगत प्रोग्रॅमचा गळा आवळत होती.

"काका, केसरचं नाव सोसायटीच्या यादीत अजून आहे?"

"न्हाय गं... मीच खोडलंय, माझ्या हातानं." दत्तात्रेय जवळ आले. चष्मा सावरत त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "आन् निघाले तवा तिघं व्हते."

हे कुठून आलं ते आधी शोधायला हवं होतं. पण संध्याकाळी अठरा होड्या निघणार होत्या आणि उपाय एका ओळीचा होता. यादीत जिचं नाव नाही त्या होडीची जागा मोकळी कर. अनुयानं ती ओळ लिहिली. भावाला आपल्याच हातानं पुसून टाकतोय असं तिला वाटलं. तरी तिनं कळ दाबून प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

बावीस घेतल्या, बावीस मोकळ्या.

तिनं सुटकेचा श्वास घेतला, तोच खाली एक लाल ओळ उमटली. मोकळ्या केलेल्या जागेत कुणीतरी लिहीत होतं.

कोण लिहितंय तेही टूल एरवी सांगतं. इथं नुसती प्रश्नचिन्हं होती. अनुयानं ती जागा उघडली. नावाचा रकाना आता कोरा होता. माणसं एक. अक्षांश-रेखांशाचे आकडे हळूहळू सरकत होते.

दत्तात्रेयांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं. ते एका जागी थांबलं.

"ताय... ही तर तुमच्या वाडीमागची जागा हाय."

अनुयानं पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

माणसं दोन.

ती जिना कशी उतरली, स्कूटर कशी हाकली, तिला कळलं नाही. सुपारीच्या वाडीतून धावत ती किनाऱ्यावर आली. सुरूच्या झाडांखाली आई वाळूत बसली होती. गळ्यापर्यंत भिजलेली. दात वाजत होते.

"आई! काय केलंस गं हे?"

"हाक आली, अनू... म्हणून आत गेले. पाणी गळ्याशी आलं. मग त्यानं मला धरलं. खांद्याला धरून इथवर आणून सोडलं." आईनं तिचा हात घट्ट पकडला. "तोच होता गं. हनुवटीवरचा व्रणसुद्धा दिसला मला."

अनुयानं ओढणी तिच्या अंगाभोवती गुंडाळली. समोर पाणी चढत होतं. चिटपाखरूही नव्हतं.

"मग?"

आईनं समुद्राकडे पाहिलं.

"मी नावानं हाक मारली त्याला. तर त्यानं हात जोडले... आणि विचारलं, 'बाई, तुम्ही कुणाच्या?'"