नंबर एक... हजर

ही गोष्ट खरी आहे. असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. पण त्या दुपारी सभागृहात एक्केचाळीस माणसं होती आणि एकही प्यायलेला नव्हता. त्यातली निम्मी अजून जिवंत आहेत. जाऊन विचारा... विषय बदलतात की नाही बघा.

रविवार, १९ जानेवारी २०२०. दुपारचे तीन. लिस्बनच्या समोर, तेजो नदीच्या दक्षिण काठावरचा आमचा उनियाओ क्लब.

मी ओडिलिया. या क्लबचं ऑफिस बत्तीस वर्षं मीच सांभाळते.

क्लब बुचाच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. एके काळी आमच्याकडे अकरा खेळ होते. फुटबॉल, होड्या, बॉक्सिंग, आणि चाकांचे बूट घालून खेळायची हॉकी. तिच्यात १९५८ साली आम्ही लिस्बनवाल्यांना धूळ चारली होती. मग कारखाना बंद पडला आणि एकेक खेळ गेला. होड्या विकल्या, बॉक्सिंगची रिंग पावसात कुजली. राहिलं काय? लाकडी फरशीचं हॉकीचं मैदान, कॉफीचा बार आणि म्हातारे.

आणि नंबर.

नंबरचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे मूल जन्मलं की बाप आधी क्लबात जातो, मग नगरपालिकेत. पोराच्या नावाचं कार्ड बनतं, त्यावर सभासद नंबर. वरचे मेले की दर पाच वर्षांनी खालचे वर सरकतात. सगळ्यात जुना जिवंत सभासद तो नंबर एक. वार्षिक सभेत पहिले दहा नंबर पुकारतात आणि ज्याने त्याने उभं राहून 'हजर' म्हणायचं असतं.

माझे बाबा, ऑरेलियो, नंबर दोन.

नंबर एक बेलार्मिनोकाका. दोघं एकाच दिवशी जन्मलेले. काकांचा बाप सकाळीच क्लबात पोचला, माझे आजोबा पाळी संपवून संध्याकाळी. एवढाच काय तो फरक. पण तो शहाऐंशी वर्षं पुरला. अठ्ठावनच्या संघातही काका मैदानात होते आणि बाबा राखीव बाकावर.

"ऑरेलियो," काका पत्ते पिसताना म्हणायचे, "मी मेलो ना, तरी तू दोनच राहशील."

"आधी मर तर खरा, मग बघू," बाबा म्हणायचे.

सगळे हसायचे. बाबाही हसायचे. त्या दिवशी घरी येऊन जेवायचे मात्र नाहीत.

बाबांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, सभेत 'एक' पुकारल्यावर उभं राहायचं.

९ जानेवारीला सकाळी बारवाला झेफेरिनो ऑफिसच्या दारात आला.

"बेलार्मिनो गेला."

एवढंच बोलला आणि दूध उतू जाईल म्हणून पळाला.

बाबा माझ्यासमोरच बसले होते. त्यांचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. मग हळूच म्हणाले, "ओडिलिया... यंदा नंबर बदलायचं वर्ष आहे ना?"

"बाबा, सातव्या दिवसाची प्रार्थना होईपर्यंत कार्डाला हात लावत नाहीत. तुम्हीच शिकवलंत मला."

"माझ्याकडे किती दिवस आहेत पोरी?"

मी कार्डांचा खण उघडला. काकांचं कार्ड काढून मयतांच्या खोक्यात टाकलं. बाबांच्या कार्डावर 'एक' लिहिलं.

दुपारी कळलं, काका मेलेच नव्हते. त्यांना गाडीत घालून लिस्बनच्या इस्पितळात नेलं होतं. गेला म्हणजे... तिकडे गेला.

मी झेफेरिनोला झापलं. "नीट बोलायला काय होतं रे तुला?"

"तुला नीट विचारायला काय झालं होतं?"

बरोबर होतं त्याचं. कार्ड परत लावायला मी उठलेही होते. पण बाबा आपलं नवं कार्ड दोन्ही हातांत धरून बसले होते.

"सभेपर्यंत राहू दे ना. त्याला कोण सांगायला जातंय?"

मी राहू दिलं. माझं पाप ते हेच.

सांगायला झेफेरिनो गेला. इस्पितळात गंमत म्हणून सांगितलं, "काका, तुम्हाला तर मारून मोकळे झाले." काका हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं...

"मग आता माझा नंबर काय?"

१२ तारखेला काका खरंच गेले.

१९ तारीख म्हणजे त्यांचा सातवा दिवस.

सभागृह वरच्या मजल्यावर आहे, कोपऱ्यात बार. खाली हॉकीचं मैदान. त्याला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

"एक," मी पुकारलं.

बाबा उठले. इस्त्रीचा कोट, लग्नातला टाय.

आणि तेवढ्यात खालून...

खर्रर्र...

लाकडावर चाकं. एक फेरी झाली. मग दुसरी. झेफेरिनोने कॉफीचं मशीन बंद केलं. चाकं बरोबर आमच्या पायांखाली येऊन थांबली.

"हजर."

सिगारेटींनी खरवडलेला आवाज. तो कुणाचा, हे एक्केचाळीस जणांना कळलं.

बाबांचं तोंड उघडं होतं. ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

"पुढे वाच," अध्यक्ष पुटपुटले.

"दोन..."

नवा दोन नंबर एर्मिनियाबाईंचा होता. त्यांनी पर्स छातीशी धरली. "तो माझा नंबर नाही गं बाई."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्यासाठी काहीच करू शकले नाही.

त्यांचा आवाज पुन्हा आला नाही. डॉक्टर म्हणाले, घसा चांगला आहे. त्याच संध्याकाळी मी कार्डं बदलली होती. काका एक, बाबा दोन. रिकाम्या मैदानात उभी राहून रडले. "काका, चूक माझी आहे. त्यांचा आवाज द्या हो परत."

खर्रर्र... माझ्याभोवती एक फेरी. बस्स.

बाबा रोज दुपारी मैदानाशी जाऊन राखीव बाकावर बसायचे. नको म्हटलं तरी. फेब्रुवारीच्या शेवटी तिथेच गेले. कोटाची सगळी बटणं लावलेली होती.

त्यानंतर नंबर बदलायचं नाव कुणी काढलेलं नाही. दर जानेवारीत मी पुकारते, "एक." खालून चाकं येतात. "हजर." लोक आपापल्या बुटांकडे बघतात.

मग मी "दोन" म्हणते आणि थांबते.

"ओडिलिया, वाच पुढे," अध्यक्ष म्हणतात. मी ऐकत नाही. मेलेला एक माणूस हजेरी देतो, तर माझ्या बाबांनी का देऊ नये? एक म्हणून नाही तर नाही, दोन म्हणून तरी.

पाच वर्षं काहीच आलं नाही.

यंदाही मी थांबले. बराच वेळ. आणि खाली... राखीव बाक करकरला. कुणीतरी उठायला गेलं.

आणि परत बसलं.