दुसरा वॉकर

लातूरहून रेणापूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या निवासी संस्थेत मनस्विनी दर मंगळवारी यायची. फिजिओथेरपिस्ट होती आणि शिस्तीची पक्की. बुद्धीनं लहान राहिलेली तिथली म्हातारी माणसं तिची भारी लाडकी, पण वॉकरच्या बाबतीत ती कुणाचंही ऐकत नसे. ‘उभ्या माणसाचा वॉकर कधी ओढायचा नाही, आधी त्याला बसवायचं,’ हे तिनं मावश्यांकडून अगदी पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं.

सगळ्यांत मोठी पंचाईत चांगुणाची होती. तीस वर्षं ती आणि कोंडाबाई हात धरून लिंबाखालच्या बाकापर्यंत जायच्या. दिवाळीत कोंडाबाई गेली आणि सहासष्ट वर्षांच्या चांगुणानं खाट धरली ती धरलीच.

"महिनाअखेरपर्यंत चालली नाही, तर नांदेडला पाठवावं लागेल. अंथरुणाला खिळलेल्यांची सोय आपल्याकडे नाही," व्यवस्थापक बापूसाहेब म्हणाले. मनस्विनीला ठाऊक होतं, हे घर सुटलं तर चांगुणा जगणार नव्हती.

नवे वॉकर आले तेव्हा चांगुणानं दोन बोटं दाखवली.

"मला एक. कोंडीला एक."

मनस्विनीनं हसून एक जास्तीचा दिला. बिघडतंय काय?

"खाली कर. अजून खाली. कोंडी बुटकी हाय."

मनस्विनीनं बटणं दाबून त्याचे पाय आखूड केले. चांगुणानं तो आपल्या डावीकडे ठेवून घेतला, उठली आणि चक्क दारापर्यंत चालली. लुंबिनी मावशीनं टाळ्या पिटल्या, सगळं घर नाचलं, दुपारी शिरा झाला.

पुढच्या मंगळवारी चांगुणा थेट लिंबाखाली. बाकाच्या एका कडेला बसलेली, शेजारी जागा सोडून. दुसरा वॉकरही तिथंच होता.

"हा वॉकर इथवर आणून देता? लाड पुरवता होय हिचे?" मनस्विनीनं मावश्यांना विचारलं.

"न्हाई ओ ताई. आमी हातबी लावला न्हाई," लुंबिनी म्हणाली.

मनस्विनीला ते पटलं नाही. माणूस खोटं बोलेल, वॉकरचं रबर बोलणार नाही. तिनं तो वॉकर उचलून उलटा केला. मागच्या उजव्या पायाचं रबर तिरपं झिजलं होतं, आठच दिवसांत. कोंडाबाईच्या जुन्या फाइलीत मनस्विनीच्याच अक्षरात लिहिलं होतं: उजवा पाय ओढते.

फाइल मिटून ती चहा प्यायला गेली. चहा निवला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

महिन्याचा शेवटचा मंगळवार. सकाळचं कोवळं ऊन. बापूसाहेब खुर्ची टाकून बसले. चांगुणा बाकापर्यंत गेली आणि परत आली, वाटभर डावीकडे बघून खिदळत. सगळे डोळे तिच्यावरच होते.

"राहू दे हिला इथंच," बापूसाहेब म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

एकच गलका झाला. लुंबिनीनं चांगुणाला खुर्चीत बसवून तिच्या तोंडात पेढा घातला. मनस्विनीचे डोळे आनंदानं भरून आले.

तशीच ती रबर बदलायला चांगुणाच्या डावीकडच्या दुसऱ्या वॉकरकडे वळली.

तो उचलेना.

तिनं जोर लावला. तसूभर हलेना.

"ताई, वढू नको," चांगुणा पेढा चघळत म्हणाली. "तूच सांगती न्हवं? आदी तिला बसू दे."

मनस्विनीनं एक खुर्ची पुढे सरकवली.

खुर्ची जराशी कुरकुरली. मग वॉकर अलगद तिच्या हातात आला.