सहावी खुंटी

भंडाऱ्याला जाणारी बस शहापूरला थांबली, दामिनी आत चढली आणि तिची पिशवी फाटली. फाटायचीच होती तर घरी फाटायची होती की नाही? पण नाही! भरल्या बसमध्ये दोन किलो चिंच सांडली, आणि त्यातली निम्मी एका अनोळखी तरुणाच्या बुटांवर.

तो वाकून चिंच गोळा करू लागला. “एवढी चिंच? घरी कोणाले डोहाळे लागले काय?”

“भांडी घासाले हाय,” दामिनी फणकारली. “भंडाऱ्याचे नाही वाटत तुम्ही?”

“जवाहरनगरचा. बाबा फॅक्टरीत होते. आता नागपूरले राहतो.”

“मग पितळेच्या गावात चिंच कायले लागते, माहीत नाही?”

“माहीत हाय ना. पण मले न घासलेली भांडी आवडतात. मळ पायला की भांड्याचं वय कळते.”

“म्हणजे आळशी हाव तुम्ही.”

तो मोकळेपणी हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक व्हायचे. दामिनीनं घाईनं खिडकीबाहेर पाहिलं. कापलेल्या धानाचे ढीग मागे पळत होते, आणि तिला उगाचच हसू येत होतं.

भंडाऱ्याच्या स्टँडवर त्यानं आपल्या गळ्यातला दुपट्टा काढला, त्यात चिंच बांधली आणि गाठोडं तिच्या हातात दिलं.

“आणि हा परत कसा देऊ?”

“भेटलो तर द्याल…” म्हणत तो ऑटोत बसलासुद्धा. नाव विचारायचं राहूनच गेलं. बावळट कुठली, असं दामिनी स्वतःलाच म्हणाली.

पण हा आनंद घरच्या दारापर्यंतच टिकला. आत पाऊल टाकलं आणि आठ दिवसांची भीती पुन्हा समोर उभी राहिली. उद्या रविवार. उद्या गिटार तपासणारा माणूस येणार होता.

दामिनीचे बाबा, हेमराज, यांनी तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत इलेक्ट्रिक गिटार वाजवली. गिटार जपानी, साठ वर्षांची, तरुणपणी कलकत्त्याहून आणलेली. आता बोटं थरथरत, वाजवणं सुटलं होतं. उरली होती ती एकच ऐट, ‘एक स्क्रूसुद्धा बदलवला नाही!’ नाटकात सोबत ऑर्गन वाजवणारे भय्याजी चिडवायचे, “हेमराजची गिटार अर्धी जपानी, अर्धी भंडाऱ्याची!” बाबा चवताळून उठायचे. आणि आता नागपूरला जुन्या वाद्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तपासणीत सगळे भाग मूळचे निघालेलीच वाद्यं तिथे मांडणार, खाली मालकाचं नाव, फोटो. बाबांनी फोटोसाठी सदरासुद्धा शिवून घेतला होता.

आणि त्या गिटारीची एक खुंटी खोटी होती.

बारा वर्षांची असताना दामिनीनं लपून गिटार छेडली, गिटार खाटेवरून खाली पडली आणि तारा पिळायच्या सहा खुंट्यांपैकी शेवटची तुटली. बाबा नाटकांच्या दौऱ्यावर. आईनं, राधाबाईनं, पोरीला पोटाशी धरलं आणि गिटार पितळी भांडी घडवणाऱ्या कैलाशभाऊंकडे नेली. त्यांनी हुबेहूब खुंटी ओतून दिली, वर निकेलचा मुलामा चढवला. फक्त हाताला सवय पडलेली! लोट्याच्या बुडाला मारावा तसा त्यांनी खुंटीच्याही पाठीला आपल्या नावाचा ठसा मारला. चौदा वर्षं तो ठसा लाकडाला चिकटून गुपचूप बसला होता.

समोरून मात्र ही खुंटी बाकीच्या पाचांपेक्षा जरा जास्त चमकायची. म्हणून रविवारी सकाळी दामिनीनं भंडाऱ्याची पोर जे करील तेच केलं. चिंच आणि राख घेऊन सहाही खुंट्या लख्ख घासल्या. सगळ्या सारख्या दिसल्या की झालं!

अकरा वाजता दार वाजलं. दारात बसमधला तोच तरुण! हातात अवजारांची पेटी. अंगणातल्या दोरीवर वाळणारा आपला दुपट्टा पाहून त्याचे डोळे बारीक झाले.

“मी भूषण. गिटार पाहाले आलो.”

अगं बाई! दामिनीचा जीव आधी फुलला आणि मग थेट पायात गेला. न घासलेली भांडी आवडणारा माणूस हाच!

भूषणनं गिटार मांडीवर घेतली. घाई नाही, गडबड नाही. टॉर्च आणि भिंग घेऊन तो एकेक जागा पाहत होता, आणि दाराआडून दामिनी त्याची बोटं पाहत होती.

“रंग मूळचा. तडे बी खरे… तारांखालचे पिकअप मूळचे… मागच्या पट्टीवरचा नंबर बरोबर…”

बाबांची छाती दर शब्दाला फुगत होती. मग भिंग गिटारीच्या डोक्याशी आलं, आणि तिथेच थांबलं.

“काका, खुंट्या कधी बदलवल्या?”

“बदलवल्या? एकही नाही!”

“मग कोपऱ्यात मळ काहून नाही? साठ वर्सांच्या खुंट्या अशा चमकत नाहीत. मले तर सहाच्या सहा नव्या वाटून राहिल्या.”

बाबांनी हातातला कप बशीत ठेवून दिला. चेहरा एवढासा झाला. दामिनीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. एक खोटं झाकायला गेली आणि पाच खऱ्यांना खोटं करून बसली!

“एक उपाय हाय,” भूषण म्हणाला. “खोलून पाठीमागून पाहू. तिथं हात पोचत नाही.”

आजवर कोणालाही स्क्रूला हात लावू न देणारे बाबा म्हणाले, “खोल बाबू.”

“नोको!” दामिनी ओरडली. दोघांनी चमकून वर पाहिलं. “म्हणजे… चहा घ्या ना आधी.”

“घेतला ना.”

“मग… आणखी घ्या.”

भूषण क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग रिकामा कप उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

“चिंचेनं घासल्या ना?” त्यानं हळूच विचारलं.

तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते. “पाच खऱ्या हायेत. शेवटची… माह्या हातून तुटली होती. बाबाले माहीत नाही. पाचच खोला ना! शेवटची मूळची म्हणून लिहा… तुम्हाले काय फरक पडते?”

“पडते,” तो म्हणाला, पण आवाज मऊ होता. “जे पायलं नाही ते मी मूळचं म्हणून लिहीत नाही. आणि त्यांना सांगणारा मी कोण? तुम्ही सांगा. मी हळूहळू खोलतो. पाच खुंट्या होतपर्यंत वेळ हाय तुमच्याजवळ.”

पहिली खुंटी निघाली. पाठीवर जुना काळा मळ, तेलाचा थर. “मूळची!” बाबा खुर्चीत सरळ बसले. दुसरी… तिसरी… “पाह्य राधा, पाह्य!” बाबांचा आवाज चढत होता आणि दामिनी मनात खुंट्या मोजत होती. चौथी. पाचवी.

भूषणनं पेचकस पुसला. उजेडात धरला. पुन्हा पुसला. एवढा स्वच्छ पेचकस आख्ख्या जिल्ह्यात नसेल! आणि एकदाही त्यानं तिच्याकडे नजर वळवली नाही.

“बाबा…” दामिनी पुढे आली. “ती सहावी खोटी हाय. माह्याकडून तुटली होती. कैलाशभाऊनं करून देली. आणि आज सगळ्या मीच घासल्या.”

 राधाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “मीच नेली होती. पोर तापानं फणफणली होती भीतीनं.”

“केव्हा?” बाबांनी विचारलं.

“मी बारा वर्सांची होती.”

“चौदा वर्सं?” बाबा खुर्चीतून उठले. “चौदा वर्सं तू हे पोटात घेऊन राहिली? मले भेत होती? मी का वाघ हाय, बेटा?”

दामिनी रडू लागली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गिटारीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मग ते भूषणला म्हणाले, “लिही बाबू. पाच मूळच्या. सहावी कैलाशची, भंडारा.”

“काका, मग प्रदर्शनात…”

“नाही तर नाही.” बाबांनी नव्या सदऱ्याची बाही चाचपली आणि ओलसर हसले. “तो भय्याजी खरा निघाला लेकाचा!”

भूषणनं सगळ्या खुंट्या पुन्हा बसवल्या. निघताना दामिनीनं दुपट्टा पुढे केला, पण त्यानं तो घेतला नाही.

“पुढच्या रविवारी नेतो.”

“काहून? काम तर झालं ना!”

“एक स्क्रू ढिला राहिला,” तो म्हणाला. कान लालेलाल. “मुद्दाम ठेवला…”

त्याचा ऑटो वळणाआड गेला तरी ती दारातच उभी होती. आत बाबांनी कित्येक महिन्यांनी गिटार मांडीवर घेतली होती.

“सहावी तार सुरात ठरून नाही राहिली! त्या पोरानं स्क्रूच कसला नाही. राधा, पेचकस आण बरं.”

आईनं आणलेला पेचकस दामिनीनं मधेच धरला. सांगायची भीती वाटत होती, अगदी सकाळसारखीच. पण लपवण्याची चौदा वर्षं पुरे झाली होती.

“बाबा, नका कसू. तो येणार हाय रविवारी.” तिनं पेचकस मुठीत धरला. “आणि… मले तो आवडला, बाबा.”

बाबांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या ढिल्या खुंटीकडे. मग पेचकस तिच्या हातून घेतला आणि टेबलाच्या खणात ठेवून खण लावून टाकला.