मघाशीच येऊन गेलात

संध्याला कुठली गोळी चालते आणि कुठली चालत नाही, हे मी आजवर किती लोकांना सांगितलं असेल याची गणती नाही. डॉक्टरांना सांगितलं, नर्सबाईंना सांगितलं, दात काढणाऱ्याला सांगितलं, तिच्या सासरच्या सगळ्या भावकीला सांगितलं. लोक मान हलवतात. मग पाणी पिऊन झालं की म्हणतात, "पण आबा, एका गोळीनं काय होतंय?"

एका गोळीनं काय होतं ते मी पाहिलं आहे. पाच वर्षांपूर्वी घरच्या लग्नात अडचण नको, पाळी पुढे जावी म्हणून माझ्या या लेकीनं गोळ्या घेतल्या. घरोघरी बायका घेतात. दुकानदार चिठ्ठीसुद्धा मागत नाही. चौथ्या दिवशी तिचं पोट असं दुखायला लागलं की ती भिंतीला डोकं लावून ओरडायची. पोट दाबून पाहावं तर मऊ. सोनोग्राफी साफ. एका दवाखान्यानं गॅस म्हटलं. दुसऱ्यानं मनाचं दुखणं म्हटलं आणि झोपेचं औषध दिलं, त्यानं आणखी वाढलं. तपासणीची लघवीची बाटली खिडकीत राहून गेली, ती उन्हात काळ्या द्राक्षांच्या रसासारखी झाली. मग पायांतलं बळ गेलं, हातांतलं गेलं. शेवटी नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी ती बाटली पाहिली आणि पुढच्या तपासण्या करून नाव सांगितलं, पॉर्फिरिया. जन्मासोबत आलेला दोष. दुसऱ्यांना सहज पचणारी काही औषधं अशा माणसाला विषासारखी होतात. कडक उपासही चालत नाहीत. बाईंनी औषधांची यादी हातात दिली आणि म्हणाल्या, "यादीत पाहिल्याशिवाय आणि मला विचारल्याशिवाय एकही गोळी नाही."

चाळीस दिवस संध्या दवाखान्यात होती. मला तोवर अक्षर येत नव्हतं. बोटांत बळ यावं म्हणून तिला पाटीवर लिहायला सांगायचे. तिनं यादीतली नावं मराठीत लिहावी आणि मी ती गिरवावी, असं करत बासष्टाव्या वर्षी मी लिहायला शिकलो. पोरं कमळापासून शिकतात. मी सल्फापासून शिकलो.

यंदा दिवाळीनंतर जावयाच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली. जावई भारत पिंपळगाव बसवंतला कोल्ड स्टोरेजवर कामाला आहे. पूजेला नवरा-बायकोनं जोडीनं बसायचं, आणि संध्याची तारीख नेमकी त्याच दिवसाची. चार दिवस आधी सकाळी तिचा फोन आला.

"आबा, आत्याबाई मागं लागल्यात, पाळीची गोळी घे म्हणून."

"मग?"

"मी कशाला घेते? तुमच्या कानावर असावं म्हणून सांगितलं."

मागून विहीणबाईंचा आवाज आला. "सांग, सांग! आमच्या सुनेला गोळी द्यायची तर डॉक्टर पुरत नाय, बाप लागतो!"

आमच्या विहीणबाई, नवसाबाई, वाईट नाहीत. पण डोकेदुखीची म्हणून दुसरीच गोळी हातावर ठेवणं त्यांना पाप वाटलं नसतं. संध्यावर माझा विश्वास होता, बाकी कोणावर नव्हता. भारतच्या नव्या घराजवळ चार मेडिकल आहेत. तिथंच बांध घालावा म्हणून मी यादीच्या चार प्रती लिहिल्या, पाळीची गोळी सगळ्यात वर. खाली तारीख घातली, सही केली. आमच्या मखमलाबादचा पुंजा टोमॅटो घेऊन पिंपळगावच्या मार्केटला निघालाच होता. त्याच्या टेम्पोत बसलो.

पहिलं दुकान योगेशचं. टेम्पोतून उतरून मी पायरी चढलो तर तो गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता म्हणाला, "आता काय राहिलं, आबा?"

"पाळीच्या गोळीचं सांगायला आलोय. आमच्या संध्यासाठी कोणीही मागायला आलं तर..."

"द्यायची नाय. कळलं. मघाशीच सांगून गेलात की."

लोक टाळायला काय काय बोलतात ते मला पाच वर्षांत पाठ झालंय. मी म्हटलं, "मी आत्ता येतोय, बाबा. ऐकून घ्यायचं नसलं तर तसं सांग."

"अहो, तासभर झाला! हे बघा." त्यानं काउंटरच्या काचेखालून कागद काढून दाखवला.

पाळीची गोळी सगळ्यात वर. अक्षर माझं. तारीख आजची.

मी खिशातले कागद काढले. चारही होते.

पुंजा मागून खो खो हसला. "तासाभरापूर्वी? योगेशभाऊ, हा म्हातारा मखमलाबादपासून माझ्या शेजारी बसून माझं डोकं खातोय. गाडी हळू हाक म्हणून!"

योगेशनं माझ्याकडे पाहिलं, पुंजाकडे पाहिलं. "मग असंल मागच्या वर्षीचा," असं पुटपुटला आणि कागद परत काचेखाली सारला. मागच्या वर्षीच्या कागदावर आजची तारीख कशी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मी माझा कागद त्यावर ठेवला आणि चिडून बाहेर पडलो. पुंजा मार्केटला गेला. लिलाव झाला की फोन करतो म्हणाला.

दुसऱ्या दुकानात भाग्यश्री नावाची मुलगी बसते. हुशार आहे, यादी नीट वाचते. मला पाहून ती उठून उभी राहिली.

"आबा, पुन्हा कशाला त्रास घेतला? लावला ना मी तुमचा कागद."

खिळ्याला टोचलेला कागद मी जवळ जाऊन पाहिला. अक्षरांवर रेघ नव्हती. शिकलो त्या पहिल्या वर्षी मी असंच लिहायचो. आधी उघडी अक्षरं काढायची आणि नंतर पट्टी धरून रेघ मारायची. हा कागद रेघ मारायचा राहिला होता. यादी अर्धीच होती.

"हा कधी दिला मी?"

"झाला असंल अर्धा तास. बसा म्हटलं तर बसला नाय तुम्ही." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आबा, ऊन लागलं का? मघाशी जरा तरतरीत दिसत होता."

तिनं दिलेलं पाणी मी प्यायलो. कोणीतरी थट्टा करतंय, असं मनात धरलं. माझं अक्षर भावकीतल्या कोणालाही काढता येईल. म्हाताऱ्याची खोड मोडायची म्हणून चार दुकानदारांना हाताशी धरलं असेल. एवढी अक्कल गोळी न देण्यात खर्च केली असती तर!

तिसऱ्या दुकानापर्यंत मी जवळजवळ पळत गेलो. कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरला होता. दुकानदार माझ्याशी फारसं बोलणारा नाही. मी तोंड उघडायच्या आधीच त्यानं हात वर केला.

"बाबा, दहा मिनिटंसुद्धा झाली नाय."

"काय सांगितलं मी?"

"सांगितलं कुठं? कागद मागितला, पेन मागितलं आणि उभे राहिले. लय वेळ. गिऱ्हाईक खोळंबलं मागं." त्यानं एक बिल पालथं करून पुढे सरकवलं.

त्यावर तीन अक्षरं होती. पाटीवर काढतात तशी, हाताच्या पंजाएवढी. स, ल, आणि एक अर्धवट सोडलेलं. पाळीच्या गोळीचं नाव नव्हतं. काहीच नव्हतं.

मी त्या माणसाला विचारलं, "मी कसा दिसत होतो?"

"असं काय विचारता, बाबा?" तो वैतागून म्हणाला. "केस काळे केले होते वाटतं."

चौथं दुकान कोपऱ्यावर आहे. तिथून भारतचं नवं घर दिसतं. दारात मांडव घातला होता.

दुकानदार मला पाहून हसला. "काय विसरलात? आत्ता तर वळलात तिकडं."

"मी काय नेलं इथून?"

"आबा..."

"काय नेलं?"

तो घाबरला. खणातून वही काढली. "हे बघा, चिठ्ठीशिवाय मी देत नाय तुमच्या घरी. तुम्हीच बजावलंय. पण तुम्ही स्वतः आलात, पाळीची गोळी द्या म्हणालात. मी म्हटलं, यादीत नाय ना चालत? तर म्हणालात, मला कुठं वाचता येतंय. तुम्हाला कळतं ते द्या. उद्या माझ्या गळ्यात नको म्हणून सही मागितली."

वहीत सही नव्हती. अंगठा होता.

माझ्या डाव्या अंगठ्यावर विळ्याचा तिरपा व्रण आहे. त्या शाईतही एक तिरपी पांढरी रेघ होती.

पाच वर्षांत मी कुठंही अंगठा दिलेला नाही. बँकेत नाही, सोसायटीत नाही. त्याआधी दिलेला एक अंगठा मात्र मला रोज आठवतो. एकोणीस वर्षांपूर्वी संध्याच्या आईला, कुसुमला, असंच पोटाचं दुखणं झालं होतं. दवाखान्यात कागद पुढे केला, त्यावर काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. मला वाचता येत नाही, तुम्हाला कळतं ते करा, असं म्हणालो आणि अंगठा उठवला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी घराकडे धावलो.

संध्या मांडवाखाली बसून आंब्याची पानं सुतळीत ओवत होती. मला पाहून तिनं सहज विचारलं, "चप्पल विसरली का?"

"गोळी घेतली का तू?"

"घेतली ना."

"कोणाच्या हातून?"

तिच्या हातातलं पान तसंच राहिलं. "तुमच्याच, आबा. डॉक्टरबाईंना विचारलंय, ही चालते, असं तुम्हीच म्हणालात. पाणीसुद्धा तुम्हीच दिलं."

"पाकीट वाचलं नाही?"

"तुम्ही दिल्यावर कशाला वाचू?"

नवसाबाई दारात आल्या. "व्याही, आता नाय म्हणू नका. मी नाय दिली. देवाशप्पथ, तुम्हीच दिली."

मी भांडलो नाही. पुंजाचा टेम्पो बोलावला, वाटेत डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या सांगतील तसं संध्याला साखरपाणी पाजत ओझरवरून नाशिकला त्यांच्या दवाखान्यात नेलं. म्हणजे, गाडी थांबवून थांबवून पाजलं पुंजानं. माझ्या हातातला पेला तिनं घेतला नाही.

दुखणं आलंच. पण एकाच गोळीवर निभावलं आणि या वेळी पहिल्या तासापासून नाव ठाऊक होतं. ग्लुकोज लावलं, नको ती औषधं कोणी जवळ आणली नाहीत. पाय गेले नाहीत. अकराव्या दिवशी सोडलं. तिकडे वास्तुशांत ठरल्या वेळी झाली. भारत पूजेला एकटा बसला, शेजारी बायकोच्या जागी गुरुजींनी सुपारी ठेवली. सुपारी चालत होती तर आधी का नाही चालली, हे मी नवसाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आता झालं ना सगळं नीट?"

दवाखान्यात संध्यानं मला दुसरं काही विचारलं नाही. कोण होतं, कसं झालं, एक शब्द नाही. शुद्धीवर नीट आल्यावर वही पुढे केली आणि म्हणाली, "आबा, नाव लिहून दाखवा." मी चिमाजी असं लिहिलं. तिनं अक्षर बघितलं, मग माझ्या हातून पाणी घेतलं.

आता ती माहेरी आहे, माझ्याकडे. बाईंनी विचारपूर्वक दिलेली ताकदीची एक गोळी आहे, सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक वेळी आधी वहीत नाव लिहायचं, मग गोळी. मेथीच्या चिखलाचे हात धुऊन मी दिवसातून तीनदा स्वतःचं नाव लिहितो. सदुसष्टाव्या वर्षी मला पोटच्या पोरीला मी कोण ते लिहून द्यावं लागतं, आणि तिचं काही चुकतंय असंही म्हणता येत नाही.

सोमवारी मी दिवसभर दिंडोरीला होतो. सकाळची गोळी देऊन निघालो, दुपारची तुझी तू घे असं सांगितलं, दिवेलागणीला परतलो. संध्याकाळचं नाव लिहायला वही उघडली.

सकाळच्या ओळीत चिमाजी लिहिलं आहे. दुपारच्या ओळीतही चिमाजी लिहिलं आहे, माझ्याच वळणात.

दुपारचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.