पलीकडून आलेली पिशवी

जेवायला त्या दिवशी मसूर होते आणि पोटं सगळ्यांचीच बिघडलेली. इंजिनात वंगण म्हणून एरंडेल ओतायचं, इंजिनाने ते वैमानिकाच्या तोंडावर फवारायचं आणि वैमानिकाने ते गिळत लढायचं, असा सगळा कारभार. व्हर्दंच्या आघाडीमागे बिटाच्या शेतात तळ ठोकून त्यांना वर्ष होत आलं होतं. फाबियां म्हणायचा, आपण फ्रान्सचे शूर वीर जर्मनांपेक्षा संडासाच्या रांगेलाच जास्त भितो.

गॅस्तों विलार मात्र आज त्यावर हसला नाही. परवा त्यांच्यातला रेनो गेला तो परतलाच नव्हता. पलीकडे उतरला की पडला, कोणी पाहिलं नव्हतं. अशा वेळी दोन्हीकडच्या वैमानिकांचा एक रिवाज होता. ज्यांचा माणूस हरवला त्यांनी शत्रूच्या तळावर चौकशीची चिठ्ठी टाकायची. माणूस मेला असेल, तर शत्रूने त्याची एखादी वस्तू पिशवीत घालून आणून टाकायची. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं, पण एवढ्या बाबतीत शब्दाला पक्की. कालची चिठ्ठी गॅस्तोंनेच टाकली होती.

उत्तर भर दुपारी आलं. एकच जर्मन विमान, अगदी खालून. आपल्या तोफा गप्प राहिल्या. लांब फीत लावलेली पिशवी गवतात पडली आणि विमान वळून गेलं. कॅप्टनने ताटं बाजूला सारून ती टेबलावर उघडली.

आत मफलर होता. करडा, लोकरीचा, एक टोक जळून कडक झालेलं. मधेच टाके सुटले होते आणि ते लाल लोकरीने सांधले होते.

"हा रेनोचा नाही," कॅप्टन म्हणाला.

सगळे गॅस्तोंच्या गळ्याकडे बघत होते. भाऊ विमानात बसणार हे कळलं तेव्हा मफलर विणता विणता त्याच्या बहिणीच्या, ओदीलच्या, सुईवरून टाके निसटले होते. करडी लोकर संपली म्हणून तिने लाल घेतली. तो मफलर या क्षणी त्याच्या गळ्यात होता.

गॅस्तों युद्धाआधी पूल बांधायचा; मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हे. त्याने आपला मफलर काढून दुसऱ्याशेजारी अंथरला. टाका न् टाका सारखा. एरंडेलाचा डागही सारखा, त्याच जागी. तो डाग तर आज सकाळचा होता. त्याने हात टेबलाखाली घेतले.

कुणाची तरी ही घाणेरडी चेष्टा आहे, आपल्यात कोणी फितूर असेल, असं कॅप्टन बराच वेळ बोलत राहिला. मग थांबून त्याने विचारलं, "विलार, गस्तीला येणार ना?"

"येणार, साहेब."

नाही म्हणायची सोयच नव्हती. भित्रा म्हणून शिक्का बसला असता. पण मरायचं नव्हतं त्याला, अजिबात नव्हतं. उठताना त्याने आपला मफलर उचलून खुर्चीवर टाकला.

फाबियांने तो उचलला. "घालत नाहीस?"

"नाही."

"मग मला दे. वर मान गारठून लाकूड होते. पोरीने एवढा जीव ओतून विणलाय आणि तू खुर्चीला नेसवतोस होय रे?"

'नको' हा शब्द गॅस्तोंच्या ओठांवर आला होता. त्याच वेळी छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची त्याला शरम वाटली, पण सुटका वाटली हे खरं.

"घे," तो म्हणाला.

फाबियांने गळ्याभोवती दोन वेढे दिले. "ओदीलला कळव, विणला तुझ्यासाठी, शोभला मला."

विमानं वर गेली. गॅस्तोंची उघडी मान कातडी कॉलरवर घासून सोलवटली, तरी तो सारखा वळून मागे बघत होता. मागे कोणी नव्हतं. शत्रू समोरच्या ढगातून आला.

फाबियांच्या विमानाने पेट घेतला. ते धुराची रेघ ओढत पलीकडच्या रानात गेलं.

गॅस्तों सुखरूप उतरला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. टेबलापाशी गेला तर जळका मफलर तिथे नव्हता. कोणी हात लावला नव्हता, सगळे शपथेवर सांगत होते. पिशवी तेवढी रिकामी पडली होती.

संध्याकाळी कॅप्टनने रिवाजाप्रमाणे फाबियांच्या चौकशीची चिठ्ठी टाकायला माणूस पाठवला. गॅस्तों जेवला नाही. आपण एक शब्द बोललो असतो तर, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते विमान आलं. पिशवी पडली.

ती उचलायला कोणी पुढे होईना. शेवटी कॅप्टन गेला. त्याने ती बाहेरूनच चाचपली आणि कानाशी नेली.

"घड्याळ आहे," तो म्हणाला. "चालू आहे."

फाबियां घड्याळ कधीच वापरत नसे.

कॅप्टन फितीची गाठ सोडू लागला. गॅस्तोंने आपली बाही मनगटातल्या घड्याळावर खाली ओढली. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांनीच ओढल्या होत्या.