पहिल्या तासाचे शब्द

डोईफोडे गुरुजी संशोधन केंद्राच्या तपासणी खोलीत भिंतीला पाठ लावून बसले होते. पक्षाघात होऊन गेलेला हा माणूस आता खडखडीत बरा होता. चालत होता, पाढे घडाघडा म्हणत होता. फक्त भीत होता. "मी आत्ता मरणार," असं ते वर्षभर रोज तितक्याच ताज्या दहशतीने सांगत होते. ते ऐकलं की डॉ. वैदेही टिपणीस मान खाली घालून नोंदी लिहू लागे, कारण गुरुजींना वाचवणारं औषध तिचंच होतं.

मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली की मागोमाग सूज येते, आणि पुष्कळदा ती सूजच जीव घेते. जुनी स्टेरॉइडं तिथे हात टेकत. वैदेहीचं 'शोथशामक' हे नवं स्टेरॉइड थेट मेंदूतल्या पहारेकरी पेशींना गप्प बसवायचं. सूज चढायचीच नाही. रोगी वाचायचे, आणि वाचलेले सगळे गुरुजींसारखे भ्यायचे. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

कोडं सोडवलं ते तिचे सहकारी डॉ. इरफान मुजावर यांनी.

"मॅडम, या पेशी नुसता पहारा देत नाहीत, झाडलोटही करतात. आठवणीची धार त्यांच्यामुळेच बोथट होते. औषध अंगात असतं त्या पहिल्या तासात मनात जे रुजतं, त्यावर असा लेप बसतो, की पुढे त्या त्याला हातच लावत नाहीत."

"पण भीतीच का रुजते?"

"त्या तासात आपण रोग्याला काय सांगतो?"

वैदेहीला उत्तर माहीत होतं. नियम तिनेच घातलेला होता आणि तिला त्याचा केवढा अभिमान! रोग्याशी खोटं बोलायचं नाही. सुई टोचताना ती स्वतः त्याच्या कानाशी वाकून सांगे, यात तुमचा जीव जाऊ शकतो.

त्या दिवसापासून, रोग्याला काय सांगायचं हे ठरेपर्यंत, तिने औषध बंद ठेवलं. पण महिनाभरातच तिच्या नवऱ्याला, उन्मेषला, स्ट्रेचरवरून आणलं. तोंड वाकडं झालेलं, सूज चढत चाललेली. तत्त्वं कुठल्या कुठे गेली. तिने मुजावरांना सुई भरायला सांगितली, खोलीत कुणी अवाक्षर काढायचं नाही असं बजावलं आणि त्याच्या कानाशी वाकली.

"उन्मेष, तुला काही होणार नाही. कधीच काही होणार नाही."

दुसरा शब्द आत शिरू नये म्हणून ती तासभर हेच म्हणत राहिली.

उन्मेष हसतमुखाने घरी आला. वैदेहीला आभाळ ठेंगणं झालं. मग त्याने रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. भरधाव गाड्यांचा रस्ता तो इकडेतिकडे न बघता ओलांडू लागला. ती रागावली, रडली, त्याच्याच मेंदूची चित्रं तिने त्याच्यापुढे मांडली. त्याला सगळं पटे, तो माफीही मागे. पण दुसऱ्या दिवशी ते बोलणं विरून जाई, जसं कुणाचंही विरतं. त्या तासातलं मात्र विरत नव्हतं.

एका रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. अकराव्या मजल्याच्या गॅलरीत उन्मेष कठड्यावर बसून, पाय बाहेर सोडून, टांगलेल्या कुंडीला पाणी घालत होता. दचकेल म्हणून ती ओरडली नाही. हळूहळू चालत ती दारापर्यंत आली.

"उन्मेष, आत ये. पडशील रे."

त्याने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्याला भरून आलं.

"वेडी आहेस का? मला काय होणार आहे?" तो मायेने म्हणाला, आणि तिचे डोळे पुसायला त्याने दोन्ही हात पुढे केले.