शनिमार्गावरचे ठिपके

कप्तान वैदेहीच्या गणवेशाला कॉलरच्या आतून सेफ्टी पिन लावलेली होती, हे पन्नास वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी नजरेला पडलं. नजर होती नीलांबरी शेजवलकरची आणि जागा होती पाषाणची चित्रपुनर्जीवन प्रयोगशाळा. भिंतभर पडद्यावर वैदेही शत्रूला ठणकावत होती, आणि तिच्या नाकावरची घामानं भिजलेली पावडरसुद्धा कणाकणानं मोजता येत होती.

'शनिमार्ग' ही १९९६ सालची मालिका. असलं नाव ठेवू नये म्हणून निर्मात्याच्या आत्यानं वर्षभर अबोला धरला होता म्हणे, आणि त्यात ती लागायचीही शनिवारी. पण त्या वेळची पोरं शनिवारी संध्याकाळी टीव्हीसमोरून हलत नसत. त्याच पोरांच्या, आता गुडघे धरून उठणाऱ्या पिढीसाठी मालिकेचा घरी बसून बघायचा सुवर्णमहोत्सवी 'घरसंच' निघणार होता. सगळे भाग नव्यानं, लख्ख करून.

पुढच्या दृश्यात 'मंदाकिनी' यान शनीच्या कड्यांजवळून वळलं, आणि पडद्यावरून ओल्या साबणाची वडी सरकत गेल्यासारखं वाटलं.

"हे काय गं?" प्रयोगशाळेच्या प्रमुख यास्मिन मुजावर मागून म्हणाल्या. "आत्ता तर बाईची पिन दिसत होती!"

"माणसं फिल्मवर टिपलीत, मॅडम. फिल्ममध्ये तपशील ठासून भरलेला असतो. आपण ती नव्यानं वाचली, की जेवढा हवा तेवढा बाहेर येतो. यान मात्र कॉम्प्युटरनं घडवलंय. ते त्या काळच्या टीव्हीपुरतंच घडवलं आणि थेट टेपवर उतरवलं. जेवढे ठिपके तेव्हा काढले, तेवढेच आहेत. त्यांच्या आत काही नाही."

"मग अंदाजयंत्राला दे."

अंदाजयंत्राला देऊन झालं होतं. लाखो चित्रं पाहून शहाणं झालेलं हे यंत्र दोन ठिपक्यांच्या मध्ये काय असावं याचा अंदाज करतं आणि भरून टाकतं. ते कबूल कधीच करत नाही, की आपल्याला ठाऊक नाही. नीलांबरीनं त्याची करामत दाखवली. यानाच्या पोटावरच्या पट्ट्यांच्या जागी त्यानं गॅलऱ्या काढल्या होत्या आणि त्यात कपडे वाळत घातले होते. खिडकीत उभ्या असलेल्या वैदेहीला झुबकेदार मिशा फुटल्या होत्या.

यास्मिनबाई खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मूळ आराखडे मिळाले तर?"

"तर प्रश्नच मिटला. यानाची मूळ आकृती मिळाली की नव्या ठिपक्यांत पुन्हा घडवता येईल. ज्यांनी केलं ते उपळेकर मिरजेला असतात. घरसंचाला तसंही त्यांची संमती लागणारच आहे. दिग्दर्शक गेले, आता यानाच्या चित्रांचे हक्क उपळेकरांकडेच आहेत."

"मग जा, आणि घेऊन ये. त्या मिशा घेऊन मी बाजारात जाणार नाही."

मिरजेत दार उघडलं ते कुमुदताई उपळेकरांनी. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, काटक, बोलताना हात हलवणाऱ्या. नीलांबरीला त्यांनी आधी स्वयंपाकघरात नेलं, चहा दिला आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

श्रीनिवास उपळेकरांची दृष्टी जाऊन बारा वर्षं झाली होती. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत कृत्रिम दृष्टिपटल बसवलं. चष्म्यातला कॅमेरा बघतो, ते चित्र डोळ्याच्या आत पाठवतो. पण चष्मा घातला की यांना नुसता चिखल दिसतो. आठवडाभर प्रयत्न केला, मग जो काढून ठेवला तो ठेवलाच.

"डॉक्टर म्हणतात, नव्या डोळ्यानं बघायला मेंदूला शिकावं लागतं. हे वर्षभर चष्मा वापरला नाही तर पुढं कधीच जमायचं नाही. आणि हे म्हणतात, सोमवारी जाऊन परत करून येतो. दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल." त्यांनी कप उगाचच दोनदा विसळला. "मला किती वाटतं गं, एकदा तरी त्यांनी मला पाहावं. बोलत नाही मी. हट्टी माणूस आहे, उलट वागतात."

उपळेकर बाहेरच्या खोलीत ताठ बसले होते. नीलांबरीनं मिशांच्या गमतीसकट काम सांगताच त्यांचा चेहरा असा खुलला, की आराखडे मागताना तिला संकोच वाटला.

"आराखडे? कधीच गेले. त्या डिस्का बुरशीनं खाल्ल्या," ते म्हणाले. "आणि असते तरी उपयोग नव्हता, पोरी. कॉम्प्युटरनं घडवायचा तो नुसता सांगाडा. यान मी हातानं काढायचो. ठिपका ठिपका."

"प्रत्येक चौकटीत?"

"प्रत्येक. शेजारी एक डबडा टीव्ही ठेवलेला, अँटेना मुद्दाम वाकडी केलेली. लोकांच्या घरी दिसतं तसं मला दिसायला हवं ना! त्याच्याकडे बघत बघत एकेक ठिपका बसवायचा. इथं उजेड दे, इथला मार, इथं दोन काळे शेजारी ठेव म्हणजे खिडकी वाटेल. आणि तुला एक गंमत सांगू? मी टीव्हीएवढंसुद्धा चित्र करत नव्हतो."

"म्हणजे?"

"मशीन इतकं रडकं, की पूर्ण आकाराचं चित्र घडवायला घेतलं तर शनिवार उजाडायचा पण यान नाही. मग मी लांबी-रुंदी पावपाव करायचो, हातानं सुधारायचो, आणि शेवटी चौपट ताणून टेपवर टाकायचो. पंचवीस-सव्वीस हजार ठिपक्यांत अख्खा शनी, कडी, यान आणि खिडकीत बाई! दिग्दर्शकाला शेवटपर्यंत कळलं नाही." म्हातारा गुडघ्यावर थाप मारून हसला. "उजेड-अंधाराच्या छाया मोजून सोळा. त्याहून जास्त परवडायच्या नाहीत."

अंदाजयंत्र का बहकलं ते नीलांबरीला आत्ता उमगलं. टेपवरच्या चार लाख ठिपक्यांना ते खरं मानून चाललं होतं, आणि त्यातले बहुतेक नुसते ताणलेले होते. पण तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी सुरू झालं होतं.

"काकू, चष्म्याची माहिती देणारं पुस्तक आहे का हो?"

कपाटाच्या वर चष्म्याचा डबा होता, त्यात पुस्तक होतं. नीलांबरीनं पान उलटलं आणि तशीच बसून राहिली. दृष्टिपटलावरची संवेदनाकेंद्रं: सुमारे पंचवीस हजार. छाया: सोळा.

"सर, तुमच्या डोळ्याला किती ठिपके आहेत ठाऊक आहे?"

"मला काय करायचंय? चिखलाचे किती का असेनात."

"चिखल डोळ्याचा नाही. इथं लिहिलंय, कॅमेरा ऐंशी लाख ठिपक्यांचं चित्र टिपतो. ते पंचवीस हजारांत कोंबायचं, म्हणून चष्मा शेजारशेजारच्या शेकडो ठिपक्यांची सरासरी काढतो. पांढरा अधिक काळा, भागिले दोन, करडा. सगळंच करडं. बनवणाऱ्यांना वाटलं, काही वगळायचं नाही, सगळं थोडं थोडं द्यायचं, म्हणजे माणसाला बरं पडेल."

"सरासरी?" उपळेकर ताडकन म्हणाले, जणू कुणी त्यांच्या घरातलं वाईट बोललं होतं. "गाढव आहेत का? कमी ठिपक्यांत सरासरी काढतात का कधी? निवडायचं असतं!"

"एकदा चष्मा घालाल? कॅमेरा बंद ठेवते. मी टेपवरचं यान उलटं आवळून तुमच्या मूळ आकारात आणते आणि थेट डोळ्यात पाठवते. ठिपक्याला ठिपका."

"नको. पुन्हा आशा लावू नकोस मला."

"घाला हो," कुमुदताई दारातून म्हणाल्या. उपळेकरांनी त्या दिशेला मान वळवली, आणि निमूटपणे हात पुढं केला.

नीलांबरीनं लॅपटॉप जोडला. त्यात आणलेलं यान आवळून पाठवलं. मग उपळेकरांचा उजवा हात हवेत उठला आणि डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत गेला, एखाद्या गोष्टीच्या मागोमाग जावा तसा.

"वळतंय," ते म्हणाले. "कड्याची सावली पोटावर पडली. आता खिडकी येईल. आली! बाई आहे खिडकीत." लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरेरे. तिच्या खांद्याशी एक ठिपका जास्तीचा राहिलाय. पन्नास वर्षं तसाच दाखवला की काय लोकांना?"

कुमुदताई पदरात तोंड लपवून रडत होत्या आणि हसतही होत्या.

यान पाचदा पाहून झाल्यावर उपळेकरांनी स्वतःच कॅमेरा चालू करायला सांगितला. लगेच चिखल. पण आता त्यांनी चष्मा काढला नाही. बाह्या सरसावल्या.

"ती सरासरी काढून टाक. मी सांगतो तसं लिही. आधी कडा शोध. जिथं उजेड एकदम बदलतो तेवढंच ठेव. सपाट भागाला एकच छाया, त्यात कालवाकालव नको. माणूस दिसला तर भुवया, डोळे, नाकाची एक रेघ, ओठ, बस्स. बाकीचं टाकून दे, हळहळ करू नकोस. कुमुद, तू समोर बस. आणि ती बारीक फुलाफुलांची साडी असेल तर बदल, नुसता गोंधळ माजेल. ठसठशीत काठाची नेस."

"इश्श, आता या वयात!" म्हणत कुमुदताई आत गेल्या, त्या चांगला अर्धा तास आल्या नाहीत. आल्या तेव्हा अंगावर मोठ्या काठाची हिरवी साडी होती, केस नीट विंचरलेले होते, आणि कुंकू जरा मोठं लावलेलं होतं. त्या समोरच्या भिंतीपाशी खुर्चीवर बसल्या आणि परीक्षेला बसल्यासारखे हात मांडीवर ठेवले.

नीलांबरी लॅपटॉपवर चष्म्याचे नवे नियम लिहीत गेली, उपळेकर सुधारत गेले. "भुवई जाड झाली. ओठ कुठं गेले? हां. आता नाक." दुपार कलली तेव्हा ते सूचना द्यायच्या सोडून नुसते समोर बघू लागले.

"अहो," कुमुदताईंनी शेवटी विचारलं, "दिसतेय का मी?"

"दिसतेयस. केस पांढरे झालेत, छान दिसतात. पण बाकी काही म्हणजे काहीच बदललं नाही. 'शनिमार्ग' करत होतो तेव्हा डबा घेऊन यायचीस, अगदी तशी."

कुमुदताईंचा हात नकळत गालाकडे गेला. गालावर सुरकुत्यांचं जाळं होतं. त्यांनी नीलांबरीकडे पाहिलं. ती संकोचून लॅपटॉपकडे बघू लागली. सुरकुती ठिपक्याहून बारीक असते. इतक्या अंतरावरून ती कुठल्याच ठिपक्यात मावत नव्हती, मग निवडीत टिकणार कुठून? हे सांगावं की नाही, तिला कळेना. कुमुदताईंनी डोळ्यांनीच तिला विनवलं: राहू दे.

पण उपळेकरांनी आयुष्यभर ठिपक्यांचाच व्यवसाय केला होता.

"हे खरं नाही," ते सावकाश म्हणाले. "बारा वर्षं गेलीत. माझ्यामागं धावण्यात गेलीत. ती चेहऱ्यावर कुठंतरी असणारच. बारीक असतील म्हणून गळली."

"गळली तर गळली," कुमुदताई म्हणाल्या. "बरंच झालं की! पोरी, डोळ्याला जास्त ठिपके कधी मिळणार गं?"

"नवं पटल यायला पाच-सहा वर्षं तरी लागतील, काकू."

"मग पाच-सहा वर्षं मी तरुण. सोमवारी हा चष्मा परत करायचा नाही, एवढं कबूल करा, मला बाकी काही नको."

"चष्मा जात नाही कुठं. आणि पोरी, तुझ्या त्या घरसंचात माझे ठिपके जसेच्या तसे घाल. चौकोनी दिसले तर दिसू देत. मिशा नकोत." ते खुर्चीत पुढं सरकले. "आणि ठिपके वाढवायला पटल कशाला पाहिजे? कुमुद, खुर्ची जरा पुढं घे."

"कशाला?"

"घे तर. लांबच्या चेहऱ्याच्या वाट्याला चारशे ठिपके येतात. जवळ आलीस की सगळे तुझेच."

कुमुदताईंनी खुर्ची हातभर ओढली. मग आणखी. त्यांचे गुडघे नवऱ्याच्या गुडघ्यांना टेकले. उपळेकर वाकले, इतके की नीलांबरीनं नजर वळवून सामान आवरायला घेतलं.

"ही कधीची?" त्यांनी बायकोच्या डोळ्याच्या कडेला बोट टेकवलं. ते नेमकं पडलं होतं.

"तुम्हाला दिसेनासं झालं, त्या वर्षीची."

बोट गालावरून खाली आलं, ओठांच्या कोपऱ्याशी थांबलं. "आणि ही? ही बरीच खोल आहे."

"ती हसण्याची. दिसत नसताना हट्टानं पोहे करायला गेलात, आणि मिठाऐवजी साखर घातलीत. रोज काही ना काही असायचंच तुमचं."

"थांब, हलू नकोस," उपळेकर म्हणाले. "अजून कपाळ राहिलंय."